गीरचा आकडा आणि कळपाची जोखीम

गुजरातमधल्या गीरच्या सिंहांची संख्या २०२५च्या गणनेत ८९१ भरली. २०२०मध्ये ती ६७४ होती. वाढ आनंदाचीच आहे. पण सिंह वाघासारखा एकांडा नाही, आणि तो राहतो कसा हे ध्यानात घेतलं तर या आकड्यावर निर्धास्त होता येत नाही.

कळप म्हटलं की सामूहिक शिकार डोळ्यांपुढे येते. सिंहाला दमसास कमी, लांबचा पाठलाग झेपत नाही, म्हणून घेराव घालावा लागतो. नामिबियात एटोशाच्या उघड्या माळावर संशोधक फिलिप स्टँडर यांनी सिंहिणींची कामाची वाटणी टिपली. काही जणी दोन्ही बाजूंनी लांबचा वळसा घालत, बाकीच्या मधे दबा धरत. बिथरलेलं सावज त्यांच्याच पुढ्यात येई. बहुतेक सिंहिणींची जागाही ठरलेली असे. टांझानियातल्या सेरेंगेटीत क्रेग पॅकर आणि सहकाऱ्यांना मात्र कामचुकारपणाही दिसला. सावज सोपं असेल तर एकीने धावायचं, इतरांनी बसून पाहायचं. रानरेडा असला की सगळ्या उठतात. नुसत्या पोटाचा हिशेब मांडला, तर एकट्या सिंहिणीचंही फारसं अडत नाही.

मग कळप कशासाठी? मुख्यतः पिल्लांसाठी आणि हद्दीसाठी. नवे नर कळपाचा ताबा घेतात तेव्हा आधीच्या नरांची पिल्लं मारतात. आया एकजुटीने उभ्या राहिल्या तर त्यातली काही वाचतात. पाण्याजवळची मोक्याची जागाही मोठ्या कळपाकडे टिकते.

गीरची घडी थोडी निराळी आहे. इथलं मुख्य सावज चितळ. तेवढ्या मांसावर मोठा कुटुंबकबिला पोसत नाही. त्यामुळे सिंहिणींचे कळप लहान, आणि नर बरेचदा जोडीने वेगळे फिरणारे. तरी एकाच शिकारीवर अनेक तोंडं लागतात, एकमेकांना चाटणं-घासणं चालूच असतं. रोगाला पसरायला हीच वाट पुरते.

सेरेंगेटीत १९९४ साली कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाच्या विषाणूने सुमारे एक तृतीयांश सिंह नेले. संशय गावकुत्र्यांवर होता. २०१८मध्ये गीरच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केलेल्या तपासणीत हाच विषाणू सापडला. गीरचे सिंह मूठभर पूर्वजांचे वंशज आहेत. त्यांच्यात वैविध्य कमी, म्हणून भीती जास्त.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३मध्ये काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवायला सांगितलं होतं. कुनोत २०२२मध्ये चित्ते आले. सिंह अजून नाहीत. गुजरात सरकार पोरबंदरजवळच्या बरडा अभयारण्याकडे बोट दाखवतं. सिंह तिथे आपल्या पायांनी पोहोचले, हे चांगलंच झालं. पण बरडाही सौराष्ट्रातच. निम्म्याहून जास्त सिंह आज अभयारण्याबाहेर, शेतं आणि गावांच्या आसपास वावरतात. तिथली कुत्री आणि गुरं एका तालुक्यातून दुसऱ्यात सहज जातात. साथीला बरडा दूर नाही.

गुजरातचा अभिमान मला समजतो. माणसांनी सिंहांना सांभाळलं, मालधारी पशुपालकांनी आपल्या म्हशी गमावून त्यांना सोसलं. पण सगळे सिंह एकाच प्रदेशात ठेवण्याची किंमत साथीच्या वर्षी कळेल आणि तेव्हा स्थलांतराला वेळ उरणार नाही. पुढच्या गणनेत हजाराचा टप्पा कदाचित ओलांडला जाईल. त्यातले पन्नास मध्य प्रदेशात मोजले गेले, तर त्या हजारावर माझा जास्त विश्वास बसेल.