फादर नसताना

फेब्रुवारी आला की वसईच्या चर्चमधून संत गोन्सालो गार्सियाचं नाव निघतं. पहिला भारतीय संत, नागासाकीला क्रूसावर गेलेला आपला गाववाला. प्रवचनात क्रूस येतो, भाले येतात, ५ फेब्रुवारी १५९७ ही तारीख येते आणि पाच मिनिटांत सगळं आटोपून पुढच्या नोव्हेनाची सूचना होते. माझी तक्रार त्या घाईबद्दल आहे. मरणाचा एक दिवस आपण पाठ केला आणि त्याआधीची चाळीस वर्षं सोडून दिली. (गाववाला म्हणून एकेरीत लिहितो आहे, भाविकांनी राग मानू नये.)

बाप पोर्तुगीज, आई इथलीच. मुलगा वसईत येशूसंघीयांकडे शिकला आणि मिसरूडही फुटलं नसेल अशा वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. जपानी भाषा त्याने अशी उचलली की धर्मशिक्षणाचं काम त्याच्याकडे आलं. येशूसंघात आपल्याला घ्यावं, एवढीच त्याची इच्छा होती. घेतलं नाही. वर्षानुवर्षं काम करून घेतलं, दार मात्र उघडलं नाही. आपल्यातला कुणी असता तर त्याने चर्चला रामराम ठोकला असता, निदान समितीचा राजीनामा तरी फेकला असता. गोन्सालो व्यापाराला लागला. धंदा चांगला चालला. तो चालता धंदा सोडून त्याने मनिला गाठलं आणि फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. ब्रदर म्हणजे फादर होता होता राहिलेला माणूस, असा एक समज आपल्याकडे अजून आहे. कुणी बोलून दाखवत नाही, पण ब्रदर घरी आले की खुर्ची कोणती पुढे केली जाते, त्यावरून कळतं. गोन्सालो शेवटपर्यंत ब्रदरच राहिला.

फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषा म्हणून तो पुन्हा जपानात आला. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारातली बोलणी त्याच्या तोंडून झाली आणि क्योतोत कुष्ठरोग्यांची सेवाही त्याने केली. माझ्या मते सर्वस्व देण्याचा व्यवहार मनिलातच पुरा झाला होता. रक्त तेव्हा कुणी मागितलंही नव्हतं.

पुढचं ठाऊक आहे. डिसेंबर १५९६ मध्ये धरपकड, डाव्या कानाची पाळी छाटून शहरातून धिंड, मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंत महिनाभराची पायपीट. क्रूसावर गेलेल्या २६ जणांपैकी १७ साधे प्रापंचिक जपानी होते, त्यांत लुई इबाराकी हा बारा वर्षांचा पोरगा. दोघे तर मूळ यादीत नव्हतेच. वाटेत कैद्यांची सेवा करत चालले, म्हणून तेही धरले गेले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सगळ्यांना संतपद दिलं.

आपली गोष्ट इथे संपते. नागासाकीची संपत नाही.

१६१४ साली तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. १६४४ नंतर लोकांमध्ये वावरणारा एकही धर्मगुरू जपानात उरला नाही. चर्च नाही, मिस्सा नाही, पापनिवेदन ऐकणारं कुणी नाही. नागासाकीजवळच्या उराकामी गावातल्या शेतकऱ्यांनी मग कामं वाटून घेतली. एकाने दिनदर्शिका सांभाळायची, म्हणजे सण कधी, उपवास कधी, ते चुकायचं नाही. एकाने बाळांना स्नानसंस्कार द्यायचा. एकाने घरोघरी निरोप पोचवायचे. दरवर्षी सरकारी अंमलदार ख्रिस्ताची किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवायचे आणि गावकऱ्यांना एकेक करून तिच्यावर पाय द्यायला लावायचे. नकार देणाऱ्याचं काय होणार, ते उघड होतं. उराकामीचे लोक पाय द्यायचे, घरी यायचे, पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायचे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. अशा सात पिढ्या गेल्या.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीत परदेशी लोकांसाठी बांधलेल्या नव्या ओउरा चर्चमध्ये काही गावकरी शिरले. त्यांच्यातली एक बाई फादर पेतिजाँ यांच्या कानाशी लागली. तुमचं मन आणि आमचं मन एकच आहे, अशा अर्थाचं काहीतरी ती बोलली आणि लगेच तिने मरियेची मूर्ती कुठे आहे म्हणून विचारलं. बंदी अजून उठलेली नव्हती. पुढे उराकामीच्या सुमारे ३,४०० लोकांना गावातून हद्दपार केलं गेलं आणि १८७३ साली परतायची मोकळीक मिळेपर्यंत त्यांतले सहाशेहून अधिक दगावले. उरलेले गावी आले. ज्या मुखियाच्या वाड्यात आपल्याला प्रतिमा तुडवायला लावत, तीच जागा त्यांनी विकत घेतली आणि तिथे चर्च उभारलं.

प्रतिमेवर पाय देणाऱ्यांना मी गोन्सालोच्या पंक्तीला बसवतो आहे, हे काहींना खटकेल. ते चुकीचे नाहीत. चर्चने संतपद दिलं ते नकार देऊन मेलेल्यांना. पण झाडून सगळेच क्रूसावर गेले असते, तर १८६५ साली पेतिजाँ यांना भेटायला कुणी आलं नसतं. पूर्ण मनाने विश्वास ठेवणारा माणूस कधी डगमगत नाही, ही कल्पनाच मला खोटी वाटते. रात्री गुडघे टेकून, सकाळी पुन्हा मुलाला प्रार्थना शिकवणारा बाप मला त्या विश्वासाचा जास्त खरा मानकरी वाटतो.

आपल्याला वसईत पाय कशावरही द्यावा लागत नाही. देशात काही ठिकाणी ख्रिस्ती म्हणून राहणं कठीण आहे, इथे तसं नाही. चर्च हाकेच्या अंतरावर, फादर फोनवर. म्हणून सगळं फादर बघतील. पोरांची प्रार्थना, नवरा-बायकोची भांडणं, शेजारच्या म्हातारीचं दुखणं, इतकंच काय, वसईचं पाणी आणि हिरवाईसुद्धा. हरित वसईच्या लढ्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते तेव्हा लोक मागे उभे राहिले, हे खरं. पण मिस्सेला पहिल्या बाकावर बसून आठवड्यात वाडी बिल्डरला लिहून देणारेही आपलेच होते. लग्न जमवताना पोटजात विचारणारेही आपलेच. विश्वास एकीकडे आणि रोजचं जगणं दुसरीकडे, ही फारकत आपल्या काळातल्या गंभीर दोषांपैकी एक आहे, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच लिहून ठेवलं आहे. आपण ते प्रापंचिकांच्या शिबिरात ऐकतो आणि जेवायला उठतो.

उपवासकाळ तोंडावर आहे. मांसाहार सोडाल, क्रूसाच्या वाटेची भक्ती कराल, चांगलंच आहे. त्यासोबत वाडीवाडीतल्या प्रार्थनागटांनी उराकामीसारखी कामं वाटून बघावीत. आजारी आणि एकट्या पडलेल्यांची यादी एकाने ठेवावी. शेजारपाजारच्या पोरांना एकीने घरी बसवून प्रार्थना शिकवावी. भाड्याच्या खोल्यांतल्या मजुरांना काय अडचण आहे, ते एकाने गटापुढे मांडावं. परवानगी मागायला फादरांकडे जाऊ नका. सुरू झाल्यावर कळवलं तरी पुरे.