विकायची नाही

महिन्यापूर्वी ताईकडे जेवायला गेलो होतो. जेवणं झाली, आणि हात पुसता पुसता भाचा म्हणाला, "मामा, तुझी आरडी मला विकत दे. फुकट नको, बाजारभावानं पैसे देतो." मी नाही म्हणालो. ताई काही बोलली नाही, पण भांडी जरा जोरात आपटली. दाजी हसत म्हणाले, "पोराला द्यायची म्हटलं की जिवावर येतंय होय?"

तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज लिहितोय. ताई वाचेलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आरडी म्हणजे राजदूत ३५०. यामाहाची आरडी ३५० ही १९७३ सालची जपानी गाडी, आणि एस्कॉर्ट्सनं १९८३ साली ती राजदूतच्या नावानं आपल्याकडे आणली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. तिचं घराणं थेट रेसच्या मैदानातलं. यामाहाच्याच रेसच्या गाडीवर आगोस्तिनी १९७४ साली ३५० सीसी गटाचा विश्वविजेता झाला. आपल्या जुन्या बुलेटची ताकद होती १८ बीएचपी. आरडीच्या सुरुवातीच्या मॉडेलची ३०.५. मायलेज मात्र वीस-पंचवीसचं. आपल्या देशात गाडी दिसली की पहिला प्रश्न "किती देते?" हाच असतो, त्यामुळे ती फार काळ टिकली नाही. ऐंशीचं दशक संपता संपता बंदच झाली.

आता खरी गोम. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडच्या गाडीला पुढे ड्रम आला. घोडा रेसचा आणि लगाम टांग्याचा! त्यात टू-स्ट्रोकचा स्वभाव असा की ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी फोर-स्ट्रोकसारखी आवळल्यागत हळू होत नाही, आपली वाहतच राहते. खालच्या आरपीएमला अगदी गरीब गाय, आणि काटा एका जागेच्या वर गेला की मागून कुणीतरी ढकलल्यासारखी सुटते. कॉलेजात असताना पार्क चौकातून तिचा आवाज गेला की आम्ही हातातला चहा विसरायचो.

तर ती गाडी मी २०११ साली सेकंडहँड घेतली. मध्यस्थ म्हणाला, "एकदम ओके, घ्या आणि पळवा." मी काय बघितलं? टाकीवरचा रंग, सायलेन्सरचा आवाज, आरसी बुक. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, पैसे दिले, पेढे वाटले. ब्रेकबद्दल मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही, आणि त्या फॉर्मवर ब्रेकसाठी एक ओळसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी सकाळी विजापूर रोडला निघालो. गाळपाचे दिवस होते. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर येत होता. मला तो लांबून दिसला होता, हे मुद्दाम सांगतो. मी वेळेत ब्रेक दाबला, पण गाडी थांबली नाही. ट्रॉलीत घुसायचं की चारीत, एवढंच ठरवायला वेळ मिळाला.

तेव्हा माझ्या गळ्याजवळचं हाड मोडलं, ते आठवत असेल. आईला आणि ताईला मी सांगितलं होतं की जिन्यावरून पाय घसरला. नव्हता घसरला. आई गेली तोवर तिला खरं सांगायचं राहूनच गेलं. ताईला आज सांगतोय.

नंतर मिस्त्रीनं ड्रम उघडून दाखवला. आतले लायनर झिजून चकचकीत झाले होते. तो एवढंच म्हणाला, "साहेब, इंजिन सगळे बघतेत, ब्रेक कुणी बघत नाही."

माझं मत तिथून बनलं. वेगवान जुनी गाडी विकताना पैसे मोजून घेतले की विकणाऱ्याची जबाबदारी संपते, असं आपण सगळे धरून चालतो. मला ते पटत नाही. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. चाळीस वर्षांच्या गाडीला कोण सक्ती करणार? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. पण तो पाच वर्षांतला एक दिवस. बाकीचे दिवस माहीतगार माणसानं न जाणणाऱ्याला सांगायचं, दुसरा उपाय नाही.

आणि सांगण्यासारखं पुष्कळ आहे. ऑइल पंप रुसला तर पिस्टन जाम होऊन मागचं चाक अडकतं, म्हणून दोन बोटं कायम क्लचवर. दोन सिलिंडरचे पॉइंट्स वेगवेगळे लावायचे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल, ते कार्बोरेटरचं जुनं रबर खातं. म्हणजे ज्या उसाच्या ट्रॉलीनं मला चारीत घातलं, तोच ऊस आता टाकीतून येतोय :)

कुणी म्हणेल, भाचा तेवीस वर्षांचा आहे, लायसन आहे, त्याचे पैसे आहेत. बरोबर आहे. मी पडलो तेव्हा चौतीसचा होतो, म्हणजे वयाचा प्रश्नच नाही. मला गाडी आवडत होती, पण कळत नव्हती.

म्हणून त्याला निरोप पाठवला. विकायची नाही. वर्षभर दर रविवारी मिस्त्रीकडे माझ्याबरोबर यायचं. ब्रेक स्वतः उघडायचा, लायनर स्वतः बसवायचे, हात काळे करायचे. मग तुळजापूरपर्यंत तू चालवायची, मी मागे बसणार. त्यानंतर गाडी तुझी, एक रुपयाही नको.

पहिल्या रविवारी तो आला. दुसऱ्या रविवारी मित्राचं लग्न निघालं. तिसऱ्या रविवारी मी पोचायच्या आधीच दुकानापुढे उकिडवा बसून पुढचं चाक खोलत होता.

असो. ताई, राग गेला असेल तर रविवारी शेंगाची चटणी पाठवून दे त्याच्याबरोबर. आणि जिन्याचं खोटं बोललो, त्याबद्दल काय बोलायचं ते समोर बोल.