दान नव्हे, दाम!

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यातील पिंपळीसारख्या गावात डोलणारा ऊस पाहिला की शेतकरी सुखी असल्याचा समज होतो. पण झोनबंदीच्या काळात तो ऊस कोणत्या कारखान्याला घालावा, हे ठरविण्याचाही अधिकार त्या शेतकऱ्याला नव्हता. या पारतंत्र्याचे अर्थशास्त्र महाराष्ट्रापुढे मांडले ते शरद जोशी यांनी.

साताऱ्यात १९३५ साली जन्मलेले जोशी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत अधिकारी होते. ती नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले. शेतकरी आळशी म्हणून गरीब नाही. शहरांना स्वस्त धान्य व उद्योगांना स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून सरकारच भाव पाडते, हा त्यांचा सिद्धान्त. १९८० साली कांद्याच्या भावासाठी चाकणचे शेतकरी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांची मागणी दानाची नव्हती, घामाच्या दामाची होती.

बाजार दुबळ्याला गिळतो, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु भाव कोसळला की शेतकऱ्याने सोसावे आणि चढला की सरकारने बंदी घालावी, हा कोणता न्याय? डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. सत्ता कोणाचीही असो, सवय तीच!

जोशी २०१५ साली गेले. त्यांचा प्रश्न मात्र उरला आहे आणि तो शहरी मध्यमवर्गालाही विचारलेला आहे. अन्नदात्याला त्याच्याच मालाचा मालक न मानता राष्ट्र स्वावलंबी कसे होणार?