अवघड जागेचं दुखणं

अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, अशी आपली एक म्हण आहे. त्या म्हणीतल्या बाईला निदान घरात वैद्य तरी आहे! सायकल चालवणाऱ्या बाईला तोही नाही. तिचं जे दुखतं त्या जागेला आपल्या रोजच्या बोलण्यात नावच नाही. एक तर संस्कृत शब्द, नाहीतर शिवी. मधलं काहीच नाही. मग "सीट टोचते", "बसवत नाही" एवढ्यावर बोलणं संपतं आणि थोड्या दिवसांनी सायकलही संपते. आज याच विषयावर लिहायचं आहे. (आत्या, काकू, वाचत असाल तर पुढचं जरा डोळे मिटून वाचा. :-) )

आमच्या अकोटात डिसेंबरची थंडी पडली की पोपटखेडच्या रस्त्याला सकाळी बऱ्याच बायका सायकलवर दिसतात. समोर सातपुडा, दोन्ही बाजूंना शेतं, हवा अशी की घरी परतावंसं वाटू नये. फेब्रुवारीपर्यंत त्यातल्या निम्म्या सायकली पोर्चमध्ये उभ्या असतात आणि त्यांच्यावर टॉवेल वाळत असतात. कारण विचारलं तर वेळ मिळत नाही, मुलाची बारावी आहे, गुडघा धरतो. खरं कारण दुसऱ्या चहाला बाहेर पडतं, तेही आवाज खाली आणून. कुत्री, ट्रक, लोकांच्या नजरा या सगळ्यांनी मिळून जेवढ्या बायकांची सायकल सोडवली असेल, त्याहून जास्त जणींची या एका सीटनं सोडवली असावी, असं माझं मत आहे.

आणि सल्ले दोनच मिळतात. पहिला दुकानदाराचा: "ताई, जेलचं कव्हर टाकून देतो ना, गादीवर बसल्यावानी वाटीन." दुसरा घरच्यांचा: "होईल सवय."

गादीचा सल्ला ऐकायला बरा वाटतो, पण तो उलटा आहे. सायकलवर आपण मांसावर बसायचं नसतं, हाडांवर बसायचं असतं. लाकडी पाटावर ताठ बसून पाहा, खाली दोन टणक टोकं लागतात. ती बैठकीची हाडं. सगळा भार त्या दोघांवर आला पाहिजे. जाड, मऊ गादीत ही हाडं खाली रुततात आणि मधली गादी वर येऊन नको तिथे दाबते. पहिले दहा मिनिटं स्वर्ग, तासाभरानं नरक. पलंगासाठी मऊपणा ठीक आहे. सीट मात्र बऱ्यापैकी टणक आणि मापाची लागते.

माप म्हणजे रुंदी. बायकांच्या या दोन हाडांतलं अंतर साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त असतं, पण बाईबाईत फरक असतो आणि त्याचा अंगानं जाड-बारीक असण्याशी फारसा संबंध नाही. काटकुळ्या मुलीलाही रुंद सीट लागू शकते. हे घरी मोजता येतं. मिक्सरच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा पाटावर ठेवायचा, त्यावर बसायचं, सायकलवर वाकतो तेवढं पुढे वाकायचं आणि मिनिटभरानं उठायचं. दोन खळगे पडलेले दिसतात. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टी लावा. त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवले की सीटची रुंदी मिळते. ताठ बसून चालवत असाल तर अजून थोडी जास्त.

म्हणूनच जुन्या लेडीज सायकलची ती रुंद, स्प्रिंगवाली सीट मला अजून आवडते. ताठ बसायचं, बाजारात जायचं, शाळेत जायचं, त्याला ती बरोबर होती. आता मुलींना जाड टायरची, पुढे वाकून चालवायची, अरुंद सीटची सायकल हवी असते, कारण ती फोटोत छान दिसते. हौसेला मोल नाही हे मान्य. पण आमचे रस्ते काळ्या मातीवरचे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं डांबर लाटांसारखं करून ठेवते. तिथे ती सीट म्हणजे शिक्षा.

दुसरी गोष्ट उंचीची. दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत म्हणून मुलींच्या सीट अगदी खाली ठेवतात. सुरक्षित वाटतं खरं, पण मग पाय काही भार घेत नाहीत आणि सगळं वजन बुडाखाली येतं. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात किंचित वाक राहील, इतकी सीट वर हवी. फार वर गेली तर कंबर डावी-उजवी हलते आणि कातडी सोलवटते. सीटचं नाक वर असेल तर आधी ते सरळ करा, मग एखादा केस खाली. फार खाली केलं तर आपण पुढे घसरतो आणि मनगटं बोलायला लागतात. एक पाना, पाच मिनिटं, एवढंच काम आहे.

"होईल सवय" यात अर्धं खरं आहे. नवीन सायकलीवर पहिले आठ-पंधरा दिवस ती दोन हाडं दुखतात आणि मग थांबतात. पण पुढच्या नाजूक भागाला सवय होत नसते. तिथे मुंग्या येणं, बधिर होणं म्हणजे नस दाबली जाते आहे. सूज, गाठ, पुन्हा पुन्हा येणारं केसतूड, हे सहन करायचं काम नाही, डॉक्टरीणबाईंकडे जायचं काम आहे. ब्रिटनची पॅरासायकलपटू हॅना डाइन्स हिनं २०१९ मध्ये वर्तमानपत्रात स्वतःच्या नावानं लिहिलं, की सीटमुळे आलेल्या सुजेसाठी तिला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. ती वर्षानुवर्षं सरावच करत राहिली होती. सवय व्हायची असती तर तिला झाली असती.

गंमत म्हणजे हे प्रश्न शंभर वर्षांहून जुने आहेत. १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत बायका सायकलवर बसायला लागल्या तेव्हा डॉक्टरांनी सीटवरूनच केवढा गहजब केला होता! त्यांची काळजी दुखण्याची कमी आणि चारित्र्याची जास्त होती, तो भाग वेगळा. पुढे अमेरिकेत जॉर्जिना टेरी या बाईनं १९८५ मध्ये बायकांसाठी सायकली करणारी कंपनी काढली आणि १९९२ मध्ये नाकाशी मोकळी जागा ठेवलेली सीट आणली. ब्रिटनच्या ऑलिंपिक संघानं रिओच्या आधी आपल्या मुलींच्या या दुखण्यासाठी तज्ज्ञ बसवले. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट ऐकून मी चमकले: तिथले केस काढू नका, घर्षणापासूनचं ते नैसर्गिक अस्तर आहे. सीटचं नाक किती झुकवायचं याचा आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियमही २०१६ मध्ये सैल झाला. म्हणजे कुणीतरी सभेत, टाय लावून, या जागेविषयी बोललं असणारच!

आपल्याकडे? पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ मध्ये विसाव्या वर्षी सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा केली, सुमारे २९,००० किलोमीटर, १५९ दिवसांत. मी वाचलेल्या बातम्यांत कॅनडातलं अस्वल होतं, स्पेनमधले लुटारू होते. रोज तासन् तास ती ज्यावर बसली होती त्याबद्दल माझ्या वाचनात एक ओळ आली नाही. आणि सायकल घेताना मला नेमकं तेच विचारायचं होतं, अस्वल नव्हे.

कपड्यांचंही असंच. जीन्समध्ये चार शिवणी नेमक्या एका ठिकाणी येऊन मिळतात, आणि ते ठिकाण कोणतं ते सांगायला नको. जुन्या शिंप्यांना हे कळत होतं. सलवारीत, पायजम्यात ते मियानी घालायचे, त्यामुळे शिवणी बाजूला सरकायच्या. आता मियानी म्हटलं तर टेलर आपल्याकडे बघतो. गादीवाली सायकलिंगची चड्डी मिळते, ती चांगली असते, वरून सलवार घातली की दिसतही नाही. फक्त तिच्या आत काही घालायचं नसतं. (आत्या, डोळे मिटलेत ना?) आणि आमच्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात घरी आल्यावर ते ओले कपडे आधी बदलायचे, चहा नंतर.

खड्डा आला की पायडलवर उभं राहायचं, बूड हलकं करायचं. शेजारची नववीतली मुलगी हे मस्त करायची. तिला आजीनं दटावलं, पोरांसारखं उभं राहून काय चालवते म्हणून. ती आता बसूनच खड्ड्यातून जाते, आणि शाळेत बऱ्याचदा ऑटोनं जाते. आजीला हे दोन्ही एकमेकांशी जोडून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मंग सांगत काहून नाही पोरगी?"

कुणाला सांगणार? राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत यायला सायकल मिळते. फार चांगली योजना आहे, तिच्यामुळे कितीतरी मुलींचं शिक्षण टिकलं असेल. पण तेरा वर्षांच्या ठेंगणीला आणि अठरा वर्षांच्या उंच मुलीला सीट कारखान्यातून आली तशीच. माझं म्हणणं इतकंच, की सायकल वाटपाच्या दिवशी हार-तुरे झाल्यावर एका बाईनं हातात पाना घेऊन थांबावं. एकेक मुलगी बसवावी, सीट वरखाली करून द्यावी आणि जरा बाजूला नेऊन विचारावं, कुठे टोचतं का गं? शाळेत शिक्षिका असतात, गावात आशाताई असतात. आमच्या ओळखीच्या एका मुख्याध्यापिकाबाईंना मी हे सुचवलं आहे. त्या आधी लाजल्या, मग म्हणाल्या, पाना कितीचा लागतो?