दिवस राहण्यासाठी दिवस ओळखा

गेल्या महिन्यात एक सासूबाई सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) सुनेचे वय चोवीस, लग्नाला दीड वर्ष झालेले. सासूबाईंनी पिशवीतून सोनोग्राफीच्या रिपोर्टची चळत काढून टेबलावर ठेवली.

"डॉक्टर, तीन महिने झाले, अंडं वाढतंय का बघायला हिला शहरात नेते. दर खेपेला अंडं वाढलं, फुटलं म्हणतात. मग दिवस का राहात नाहीत? हिच्यातच काहीतरी खोट असणार."

सून खाली मान घालून बसली होती. मी रिपोर्ट पाहिले. पाळीच्या दहाव्या दिवशी ११ मिलिमीटर, बाराव्या दिवशी १५, चौदाव्या दिवशी १९ आणि पंधराव्या दिवशी फुटलेले. तिन्ही महिने जवळपास हेच. पुस्तकात छापावेत असे आकडे! मी मुलीला विचारले, "मिस्टर कुठे असतात?"

"चाकणला, कंपनीत. दर पंधरा दिवसांनी येतात. शनिवारी रात्री येतात नि सोमवारी पहाटे जातात."

मी भिंतीवरचे कॅलेंडर काढले. पाळी गुरुवारी आलेली. बीज फुटायचे बुधवारी-गुरुवारी. नवरा येई तो एकदा पाळीच्या तिसऱ्या दिवशी आणि नंतर थेट सतराव्या दिवशी. तिची पाळी नेमकी अठ्ठावीस दिवसांची, म्हणजे बरोबर चार आठवड्यांची. त्याची फेरी दोन आठवड्यांची. त्यामुळे दर महिन्याला तीच चुकामूक. तीन महिन्यांत तपासणीवर हजारो रुपये गेले, पण हा साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

वाचकहो, हा प्रकार समजण्यासाठी आधी बीजाची गोष्ट थोडक्यात पाहू.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन बीजकोषांत मिळून दहा ते वीस लाख अपक्व बीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात आणि साऱ्या आयुष्यात सुमारे चारशेच पिकून बाहेर पडतात. प्रत्येक बीज पाण्याने भरलेल्या एका बारीक पिशवीत वाढते. हिलाच फॉलिकल म्हणतात. दर महिन्याला अशा अनेक पिशव्या वाढू लागतात, पण बहुधा एकच पुढे जाते आणि बाकीच्या सुकतात. ही पिशवी शेवटच्या दिवसांत रोज साधारण दोन मिलिमीटर वाढते आणि अठरा ते पंचवीस मिलिमीटर झाली की फुटते. लोक जिला 'अंडे' म्हणतात ती ही पिशवी. खरे बीज इतके बारीक असते की सोनोग्राफीत ते दिसतच नाही.

बाहेर पडलेले बीज जेमतेम बारा ते चोवीस तास जगते. याउलट पुरुषाचे शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात तीन ते पाच दिवस तग धरू शकतात. म्हणजे बीज फुटल्यावर धावपळ करण्यापेक्षा शुक्रजंतू आधीच येऊन वाट पाहात असलेले बरे. अमेरिकेत २२१ स्त्रियांची रोजची नोंद ठेवून केलेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात बीज फुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, अशा सहा दिवसांतील संबंधांतूनच गर्भ राहिल्याचे दिसले. दुसऱ्या दिवसापासून काही नाही. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. वाफसा निघून गेल्यावर पेरणी करून उपयोग काय?

आता हे दिवस ओळखायचे कसे? 'चौदावा दिवस' हे पाठांतर सर्वांना लागू नाही. जपानचे डॉ. ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे डॉ. क्नाउस यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे दाखवून दिले की हिशेब मागून करायचा असतो. बीज फुटते ते पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी. पाळी २८ दिवसांची असेल तर चौदावा दिवस, ३५ दिवसांची असेल तर एकविसावा, २४ दिवसांची असेल तर दहावा. यातही दोन-चार दिवस मागेपुढे होतात, त्यामुळे मोबाइलवरचे ॲप सांगेल ती तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ समजू नये. शरीर स्वतःही खूण देते. त्या दिवसांत अंगावरून जाणारा स्राव पाण्यासारखा स्वच्छ, बुळबुळीत आणि अंड्याच्या पांढऱ्यासारखा तार धरणारा होतो. ही खूण ओळखायला एक पैसा लागत नाही.

ज्यांना मोजमाप नको त्यांच्यासाठी याहून सोपा उपाय आहे. पाळी थांबल्यावर दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवावा. 'ताकद साठवून' नेमक्या दिवसाची वाट पाहणे हा गैरसमज आहे. आठ-दहा दिवसांच्या ब्रह्मचर्याने बीज सुधारत नाही, उलट शुक्रजंतूंची हालचाल मंदावते. आणि सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी, हे तर साफ खोटे. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या शुक्रजंतूवर ठरते, तिथीवर नाही. गर्भधारणेआधी लिंग निवडून देतो म्हणणारा कुणी भेटला तर तो गुन्हा करतो आहे हे ध्यानात ठेवा.

आता माझे स्पष्ट मत. सोनोग्राफीने बीजाची वाढ पाहणे ही उत्तम तपासणी आहे. ज्या स्त्रीची पाळी दोन-दोन महिने येत नाही, जिला बीज फुटण्याच्या गोळ्या किंवा इंजेक्शने चालू आहेत, तिला ती करावीच लागते. पण जिची पाळी घड्याळासारखी येते, जिच्या लग्नाला वर्षही झालेले नाही, तिला महिन्यातून चार-पाच वेळा टेबलावर झोपवणे हा पैशाचा आणि तिच्या मनाचा छळ आहे. निरोगी जोडप्यालाही एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता पंचवीस टक्क्यांच्या आसपासच असते. वर्षभरात मात्र शंभरातल्या ऐंशीहून अधिक जोडप्यांना यश येते. म्हणून स्त्रीचे वय पस्तीसच्या आत असेल तर एक वर्ष धीर धरावा. पस्तिशीनंतर सहा महिने पुरेत. पाळी फार अनियमित असेल, पूर्वी क्षयरोग झाला असेल, ओटीपोटात फार दुखत असेल तर मात्र वाट न पाहता तज्ज्ञांना भेटावे. तोवर फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची साधी गोळी स्त्रीने रोज घ्यावी. होणाऱ्या बाळाच्या मणक्यासाठी ती गरजेची आहे.

दुसरे मत अनेकांना रुचणार नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषातही काही ना काही दोष सापडतो. तरी तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी पाहात आलो आहे की फाइल असते ती बाईची, सुया टोचल्या जातात त्या बाईला आणि 'वांझ' हा शब्दही तिच्याच वाट्याला. वीर्यतपासणी ही सर्वांत स्वस्त आणि बिनदुखण्याची तपासणी. ती पहिली व्हायला हवी, ती शेवटी होते, बऱ्याचदा होतच नाही. ज्या घरात सुनेच्या तीन सोनोग्राफी झाल्या आणि मुलाची एकही तपासणी झाली नाही, त्या घराने आधी स्वतःला प्रश्न विचारावा.

त्या दिवशी मी सासूबाईंना कॅलेंडर दाखवून हे सगळे समजावले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हिला तिकडं धाडायचं? मग हिकडं भाकरी कोण थापील? म्हशीचं कोण बघंल?"

खरे दुखणे इथे होते. ते बीजकोषात नव्हतेच. आपल्याकडे कितीतरी मुली लग्न होऊन नवऱ्याच्या नव्हे, सासरच्या घरी नांदतात. नवरा पाहुण्यासारखा येतो-जातो आणि वर्ष उलटले की मूल का नाही म्हणून तिला जाब विचारला जातो. याला माझ्या कपाटात औषध नाही.

मी चिठ्ठी लिहून दिली. पहिली ओळ : मुलाची वीर्यतपासणी करावी. दुसरी : फॉलिक ॲसिड, रोज एक. तिसरी : चाकणला एक खोली भाड्याने घ्यावी व दोघांनी एकत्र राहावे.

सासूबाईंनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "इंजेक्शन नाही लिहिलं?"

"नाही," मी म्हटले, "याच गोष्टी आधी करा."

सुनेने त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली. चिठ्ठी सासूबाईंच्या हातून घेऊन तिने नीट घडी घातली आणि रिपोर्टच्या चळतीत न ठेवता आपल्या पर्समध्ये ठेवली.