वर्ग पडद्यावर, पेपर केंद्रावर

शनिवारी सकाळी बंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या आयटीपीएल या आयटी पार्कसमोरची गर्दी ओसरलेली असते. आसपासच्या पीजी वसतिगृहांमध्ये मात्र लॅपटॉप उघडलेले दिसतात, आणि ते सगळेच ऑफिसच्या कामासाठी नसतात. सोलापूर, सांगली, नांदेडहून पदवी किंवा डिप्लोमा घेऊन नोकरीला आलेली मुलं त्या वेळी कॉलेजात असतात. कुणी बिट्स पिलानीच्या एमटेकचं लेक्चर ऐकत असतं, कुणी आयआयटी मद्रासच्या बीएसची असाइनमेंट पुरी करत असतं. गावी फोनवर हे सांगितलं की पलीकडून ठरलेला प्रश्न येतो: "ऑनलाइन? मग खरं कॉलेज कधी करणार?"

हा प्रश्न मायेपोटी येतो, पण तो चुकीच्या अनुभवावर उभा आहे.

मार्च 2020मध्ये कोविडमुळे कॉलेजं बंद झाली आणि प्राध्यापकांनी हाती येईल त्या साधनाने शिकवायला घेतलं. मुलांचे कॅमेरे बंद, नेटवर्क तुटक, परीक्षा घरबसल्या. पालकांनी जे पाहिलं ते वाईटच होतं. पण ती आपत्तीतली सोय होती. पुरात शाळेच्या वर्गात थाटलेल्या छावणीवरून कुणी घरबांधणीची पारख करत नाही.

मुळापासून ऑनलाइन म्हणून आखलेलं कॉलेज कसं चालतं? आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा अभ्यासक्रम 2020मध्ये सुरू झाला. त्याला जेईई लागत नाही, वयाची अट नाही. पण दार सताड उघडंही नाही. आधी चार आठवडे गणित, संख्याशास्त्र, इंग्रजी आणि संगणकीय विचारपद्धती शिकायची, दर आठवड्याच्या असाइनमेंट द्यायच्या, त्यांत ठरावीक गुण मिळाले तरच पात्रता परीक्षेला बसायचं. प्रवेशानंतरही तोच शिरस्ता. दर आठवड्याला नवे व्हिडिओ, ठरलेल्या तारखेपर्यंत असाइनमेंट, शंकांसाठी संध्याकाळची थेट सत्रं. आणि परीक्षा? ती केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून, पर्यवेक्षकासमोर. 'ऑनलाइन म्हणजे कॉपी' म्हणणाऱ्यांनी एकदा अशा केंद्राबाहेर उभं राहून पाहावं. एनपीटेल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचाच्या प्रमाणपत्रातही असाइनमेंटना 25 टक्के वजन आहे आणि केंद्रावरच्या परीक्षेला 75 टक्के.

'कंपन्या अशी पदवी मानत नाहीत' हा दुसरा समज बंगळुरूत तरी टिकत नाही. नोकरी करणाऱ्यांना शिकवण्याचं काम बिट्स पिलानी 1979पासून करत आली आहे. 1990च्या दशकात विप्रोने याच संस्थेच्या साथीने विज्ञान पदवीधरांना नोकरीत घेऊन त्यांच्याकडून पुढचं शिक्षण पुरं करून घ्यायला सुरुवात केली. नियमाचं म्हणाल, तर मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या आहेत, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) सप्टेंबर 2022मध्ये स्पष्ट केलं आहे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे: मुलं अर्ध्यात सोडतात. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा एमआयटीच्या संशोधकांनी केलेला अभ्यास 2019मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला. 2017-18मध्ये नाव घातलेल्यांपैकी अवघ्या 3.13 टक्के लोकांनी अभ्यासक्रम पुरा केला होता. विरोधक हा आकडा फडकवतात आणि त्याच अभ्यासातला दुसरा आकडा सोडून देतात. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी उतरलेल्यांत पुरं करण्याचं प्रमाण 46 टक्के होतं. फुकट नाव घालून पाहणारा आणि ठरवून शिकायला बसलेला, हे दोघे एका मापाने मोजता येत नाहीत. तरीही निम्म्याहून अधिक गळती लपवण्याजोगी नाही. एकट्याने शिकणं कठीणच असतं.

आणखीही काही कबूल करायला हवं. व्हाइटफील्डमध्येच वैदेही वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्याला रुग्णाची नाडी पडद्यावर शिकता येणार नाही. म्हणूनच वैद्यक, नर्सिंग, दंतवैद्यक असे अभ्यासक्रम ऑनलाइन चालवायला यूजीसीची परवानगी नाही. आयआयटी मद्रासने 2023मध्ये इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सचा बीएस सुरू केला, तेव्हा प्रयोगशाळेच्या कामासाठी मुलांना चेन्नईच्या आवारात बोलावण्याची तजवीज केली. अठराव्या वर्षी ज्याला चांगल्या कॉलेजात जागा आणि घरून पैसा मिळतो, त्याने जरूर कॉलेजात जावं. मैत्री, कट्टा, नाटकाच्या तालमी यांना पर्याय नाही.

पण ज्याच्यापुढे ही निवडच नसते, त्याचं काय? मेट्रोची पर्पल लाइन ऑक्टोबर 2023मध्ये सलग सुरू झाली, तरी व्हाइटफील्डमध्ये सहानंतर ऑफिस सुटणाऱ्याला शहरातलं संध्याकाळचं कॉलेज रोज गाठून रात्री परतणं झेपत नाही. ऑनलाइन वर्ग कुणाच्या कॉलेजची जागा घेतो, हे अमेरिकेत तपासलं गेलं आहे. जॉर्जिया टेकने 2014मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन मास्टर्स पदवी सुरू केली. तिथे ज्यांचा प्रवेश थोडक्यात हुकला, त्यांतल्या बहुतेकांनी दुसरीकडे कुठेच नाव घातलं नाही, असं अर्थशास्त्रज्ञांना आढळलं. म्हणजे हा वर्ग नसता तर तिथे प्रवेश मिळालेली माणसंही बहुधा शिकली नसती.

शिक्षणाने कष्टकऱ्याच्या वेळेला जुळवून घ्यायचं, ही महाराष्ट्राची जुनी रीत आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855मध्ये दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं आणि नोकरदार विद्यार्थ्यांसाठी वर्ग सकाळी भरवले. त्या शाळेला किंवा कॉलेजला कुणी आज खोटं म्हणत नाही. शिवाय पडद्यावरच्या वर्गाला एक गुण असा आहे, जो सकाळच्या वा रात्रीच्या वर्गाला नव्हता: तो थांबवता येतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीच्या कानावरून प्राध्यापकांचं भराभर इंग्रजी एकदाच निघून जातं, आणि भर वर्गात 'पुन्हा सांगा' म्हणायला जीभ रेटत नाही. इथे ती तेच वाक्य चार वेळा ऐकते. एनपीटेलच्या कित्येक अभ्यासक्रमांची भाषांतरित टिपणं मराठीतही मिळतात.

पैसे भरण्यापूर्वी त्या संस्थेचं आणि अभ्यासक्रमाचं नाव यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत आहे का, हे प्रत्येकाने स्वतः पाहावं. जाहिरातीवर विसंबू नये.

आणि बंगळुरूतल्या मराठी मंडळांना एक विनंती. तिघांच्या पीजी खोलीत लेक्चर मिळतं, शांतता मिळत नाही. सोबत अभ्यास करणारं कुणी नसतं, आणि गळती तिथेच सुरू होते. पुण्यात कितीतरी गणेश मंडळं वर्षभर अभ्यासिका चालवतात. व्हाइटफील्डमध्ये शनिवार-रविवारपुरती एक खोली, दहा टेबलं आणि वायफाय एवढं केलंत, तरी पुढच्या टर्मच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना आधार मिळेल.