आधी तपासनीस घडवा!

डॉक्टर बरा की वाईट, हे रोग्याला कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणूनच डॉक्टर घडविणारी संस्था कशी आहे, हे रोग्याच्या वतीने कोणी तरी आधीच पाहून ठेवावे लागते. वैद्यकीय महाविद्यालयांच्या तपासणीचा सारा खटाटोप आहे तो एवढ्यासाठी. ही तपासणी म्हणजे सरकारी सोपस्कार नव्हे. जनतेच्या प्राणांसाठी बसविलेला तो पहारा आहे. आणि दुःखाची गोष्ट अशी की, या पहाऱ्यावरचा जनतेचा विश्वासच आज डळमळीत झाला आहे.

तो डळमळीत का होऊ नये? २०१० साली भारतीय वैद्यकीय परिषदेच्या तत्कालीन अध्यक्षांनाच एका महाविद्यालयाला अनुकूल निर्णय देण्यासाठी लाच मागितल्याच्या आरोपावरून अटक झाली. परिषद बरखास्त झाली. पुढे २०१९ साली नवा कायदा आला आणि २०२० साली परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. आता सारे सुरळीत होईल, असे लोकांना वाटले. पण २०२५ च्या जुलैत केंद्रीय अन्वेषण विभागाचे नवे प्रकरण उजेडात आले. तपासणीची तारीख आधीच फुटते, कागदावरचे प्राध्यापक उभे केले जातात, खोटे रुग्ण खाटांवर निजविले जातात, आणि या साऱ्याकडे काणाडोळा करण्यासाठी तपासनिसांना पैसे चारले जातात, असे आरोप तीसहून अधिक जणांवर ठेवण्यात आले. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण पंधरा वर्षांत कायदा बदलला, मंडळ बदलले, अध्यक्ष बदलले, आणि तरीही आरोप तेच राहिले, याचा अर्थ काय?

आमच्या मते त्याचा अर्थ एकच. आपण माथ्यावरची पगडी बदलली; महाविद्यालयाच्या दारातून आत पाऊल टाकणारा जो तपासनीस, त्याचा विचार केलाच नाही.

हा तपासनीस कोण असतो? दुसऱ्या महाविद्यालयातला एखादा अनुभवी प्राध्यापक. एके दिवशी त्याला आदेश येतो, हाती छापील नमुना पडतो आणि तो खाटा मोजू लागतो, हजेरीपट चाळू लागतो. पण जे नुसते मोजता येते, ते एका दिवसापुरते भाड्याने आणताही येते! खाट भरलेली आहे एवढे पाहून भागत नाही. त्या खाटेवरच्या रोग्याची नोंद, त्याच्या रक्ताच्या तपासण्या, त्याला दिलेली औषधे आणि त्याच्याजवळ बसून शिकलेला विद्यार्थी, या चार गोष्टींचा मेळ बसतो की नाही, हे पाहावे लागते. विद्यार्थ्याला एकांतात कोणता प्रश्न विचारावा, तो घाबरून गप्प बसला तर त्या गप्प बसण्याचा अर्थ काय लावावा, पाहिलेले आणि ऐकलेले अहवालात वेगळे कसे ठेवावे, ही स्वतंत्र विद्या आहे. उत्तम शस्त्रवैद्य हा आपोआप उत्तम तपासनीस होत नाही. एखाद्या सूचनापत्रकाने किंवा तास-दोन तासांच्या व्याख्यानाने ती विद्या अंगी येत नाही.

अमेरिकेतील अब्राहम फ्लेक्सनर याचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालासाठी त्याने अमेरिका व कॅनडा येथील १५५ वैद्यकीय शाळा पाहिल्या. तो स्वतः डॉक्टर नव्हता, शाळामास्तर होता. पण त्याला पाहण्याची कला साधली होती. एका शाळेत शरीररचना, शरीरक्रिया अशा पाट्या लावलेल्या खोल्यांना कुलपे होती. किल्ली असलेला माणूस गावात नाही, असे त्याला सांगण्यात आले. निरोप घेऊन तो स्टेशनवर गेला, पण लगेच परत फिरला आणि रखवालदाराला चार पैसे देऊन त्याने ती दारे उघडविली. आत उपकरणे नव्हतीच. होती फक्त बाके आणि फळे! त्याच्या अहवालाने कित्येक भिकार शाळांना टाळी लागली. परंतु त्याच अहवालाने कृष्णवर्णीयांच्या सातांपैकी दोनच शाळा राखण्याजोग्या ठरविल्या आणि पुढे उरलेल्या पाचही बंद पडल्या. कृष्णवर्णीय डॉक्टरांविषयीचा त्याचा पूर्वग्रह अहवालात उमटला आणि त्याची किंमत एका समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मोजली. डोळा तीक्ष्ण असणे पुरेसे नाही. आपल्या डोळ्यावरची झापड ओळखण्याचे शिक्षणही तपासनिसाला हवे.

हा धडा इतरांनी घेतला आहे. अमेरिकेत आज महाविद्यालय प्रथम स्वतःच स्वतःची कसून पाहणी करते. मग समव्यवसायी तपासनिसांचे पथक येते. पथक फक्त काय आढळले ते लिहिते. निर्णय दुसरी समिती देते. ज्या महाविद्यालयाची तपासणी जवळ आली असेल, तेथील एखाद्या प्राध्यापकाला आधी दुसरीकडच्या पथकात घेतात, म्हणजे अनुभव आपोआप पसरतो. इंग्लंडमध्ये तर अशा पथकात विद्यार्थ्याला आणि वैद्यकीय पेशाबाहेरच्या नागरिकालाही स्थान असते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, माणसे हवीत कशाला, यंत्रे बसवा. २०२५ पासून प्राध्यापकांची हजेरी चेहरा ओळखून घेतली जात आहे. ते योग्यच आहे. पण प्राध्यापक आवारात होता एवढेच यंत्र सांगेल. त्याने शिकविले काय, हे शिकविणाऱ्यालाच ओळखता येते. दुसरा आक्षेप अधिक कडवा आहे. लाच खाणाऱ्याला शिकवून साधू बनविता येते काय? मुळीच नाही. पण लाच फळते ती मोघम अहवालाच्या आडोशाने. प्रत्येक निष्कर्षाखाली पुरावा लिहिण्याची शिस्त लागली आणि सहकाऱ्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून ताडल्या गेल्या, म्हणजे खोटे लिहिणे कठीण होते आणि प्रामाणिक तपासनिसाच्या हाती ढाल येते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. तपासनिसांची पात्रता ठरवा आणि ती केवळ सेवेच्या वर्षांवर मोजू नका. त्यांना शिक्षण द्या, नमुन्याची कागदपत्रे देऊन परीक्षा घ्या, मुरलेल्या तपासनिसाच्या हाताखाली उमेदवारी करू द्या आणि मगच स्वतंत्रपणे पाठवा. हितसंबंध आधी लेखी जाहीर करून घ्या. या कामासाठी रजा आणि योग्य मेहनताना द्या. अहवाल लोकांपुढे ठेवा आणि ज्याच्या नोंदी वारंवार खोट्या ठरतात त्याचे नाव कायमचे खोडा.

देशातील वैद्यकीय महाविद्यालये २०१४ साली ३८७ होती. २०२४-२५ मध्ये ती ७८० झाली. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या पिकाला राखणदार कोठून आणणार, याचा विचार दिल्लीने करावाच. पण महाराष्ट्राने दिल्लीची वाट पाहू नये. विनाअनुदान महाविद्यालयांना १९८३ च्या सुमारास दार उघडणारे हेच राज्य आहे. १९९८ साली स्थापन झालेले आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला आहे; वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, परिचर्या अशा सर्व शाखांची महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत आणि त्याच्या स्थानिक चौकशी समित्या त्यांना भेटी देतात. या समित्यांवर जाणाऱ्या प्रत्येकासाठी शिक्षण व परीक्षा सक्तीची करावी. त्यासाठी नव्या इमारती नकोत, मोठा निधी नको. हवा आहे तो केवळ निश्चय.

खोट्या खाटा पाहून खरी मान्यता दिली, की पाच-सहा वर्षांनी त्या महाविद्यालयातून बाहेर पडलेला तरुण एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात अडलेल्या बाळंतिणीसमोर उभा राहतो. ज्याने प्रसूती डोळ्यांनी पाहिलेली नाही, त्याच्या हाती तो जीव असतो. त्या रात्री तपासनीस तेथे नसतो. त्याने यायचे होते ते पाच-सहा वर्षांपूर्वी, आणि डोळे उघडे ठेवून!